साडेदहा तासांचा गैरसमज

दोन गावांच्या घड्याळांतला फरक हा त्या गावांना कायमचा चिकटलेला आकडा नसतो. तो त्या दोन गावांचा असतो आणि त्याबरोबर एका तारखेचाही असतो. तारीख बदलली की फरक बदलू शकतो. युरोप आणि उत्तर अमेरिकेच्या मोठ्या भागात तो वर्षातून दोनदा ठरवून बदलला जातो. भूगोलाच्या पुस्तकात ही गोष्ट एका ओळीत येऊन जाते. व्यवहारात मात्र तिच्या उलट नियम चालतो. नांदेड जिल्ह्यातल्या मुखेडसारख्या तालुक्याच्या गावातली मुले आज पुण्या-हैदराबादमार्गे आखातात, इंग्लंडात, अमेरिकेत पोचली आहेत, आणि त्यांच्या घरी हा नियम पाढ्यासारखा पाठ असतो: दुबई दीड तास मागे, सिंगापूर अडीच तास पुढे, लंडन साडेपाच तास मागे, अमेरिका साडेदहा तास मागे. पहिले दोन आकडे बरोबर आहेत. पुढचे दोन वर्षाचा बहुतेक काळ चूक असतात. तरीही ते नियम म्हणून सांगितले जातात, कार्यक्रमांच्या निमंत्रणांत लिहिले जातात आणि परदेशी जन्मलेल्या नातवंडांच्या पत्रिकाही त्यांवरून मांडल्या जातात.

हा पाढा कुठून आला हे पाहिले की त्याची ताकद आणि त्याची चूक एकाच जागी सापडते. दुबई आणि मस्कत भारताच्या दीड तास मागे, कुवेत आणि रियाध अडीच तास मागे. या शहरांची घड्याळे उन्हाळ्यात पुढे आणि हिवाळ्यात मागे होत नाहीत. भारताचेही होत नाही. त्यामुळे आखातातल्या माणसाशी वर्षानुवर्षे बोलणाऱ्या घरात ठराविक आकडा कधीच चुकत नाही. सिंगापूर आणि टोकियोचेही तसेच. जिथे तपासला तिथे नियम खरा ठरला, म्हणून तो सगळीकडे खरा धरला गेला. न्यूयॉर्क किंवा लंडनला तो लावताना कोणी नव्याने तपासला नाही.

तपासला असता तर काय दिसले असते? अमेरिकेत २००७ पासून मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जाते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येते. २०२५ मध्ये या तारखा ९ मार्च आणि २ नोव्हेंबर होत्या. मधले दिवस २३८. या २३८ दिवसांत न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी भारताच्या साडेनऊ तास मागे होते. साडेदहाचा आकडा उरलेल्या १२७ दिवसांपुरता खरा होता. वर्षाच्या जवळजवळ दोन तृतीयांश काळ खोटा ठरणाऱ्या आकड्याला नियम म्हणणे आणि खऱ्या आकड्याला अपवाद म्हणणे, ही मांडणीच उलटी आहे. लंडनची गोष्ट याहून फार वेगळी नाही. तिथले उन्हाळी घड्याळ २०२५ मध्ये ३० मार्च ते २६ ऑक्टोबर असे तीस आठवडे चालले, आणि त्या तीस आठवड्यांत फरक साडेपाच नव्हे तर साडेचार तासांचा होता.

शिवाय ‘अमेरिका’ हे वेळेच्या हिशेबात एक ठिकाणच नाही. शिकागो हिवाळ्यात साडेअकरा तास मागे असते आणि उन्हाळ्यात साडेदहा. म्हणजे साडेदहाचा प्रसिद्ध आकडा जुलै महिन्यात न्यूयॉर्कला लागू पडत नाही, शिकागोला पडतो. कॅलिफोर्निया साडेतेरा आणि साडेबारा. ॲरिझोना राज्याचा बहुतेक भाग घड्याळ बदलतच नाही, तिथे फरक बारमाही साडेबारा. पण त्याच राज्यातल्या नवाहो लोकांच्या स्वायत्त प्रदेशात घड्याळ बदलते. हवाई बेटे वर्षभर साडेपंधरा तास मागे. देशाच्या नावाने वेळ सांगणाऱ्याने यातले नेमके काय सांगितले, हे ऐकणाऱ्याला कळायला मार्ग नाही.

घड्याळाची वेळ ही निसर्गाची देणगी आहे, असा समज या चुकीच्या मुळाशी आहे. निसर्गाने दिलेली वेळ फक्त स्थानिक वेळ. मुखेड सुमारे ७७ अंश २२ मिनिटे पूर्व रेखांशावर आहे. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंशांच्या, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखावृत्तावरून धरली जाते. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने मुखेडची स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या साडेवीस मिनिटे मागे पडते. पत्रिका मांडणारे जोशी याला रेखांतर म्हणतात आणि न चुकता वजा करतात. मुंबईचा सूर्योदय छापलेली दिनदर्शिका मुखेडच्या भिंतीवर टांगली असेल, तर इथला सूर्य त्या छापील वेळेच्या सतरा-अठरा मिनिटे आधीच वर आलेला असतो. इतका बारकावा पाळणाऱ्या परंपरेने परदेशाच्या बाबतीत अख्ख्या तासाची गफलत चालवून घ्यावी, याला काही आधार नाही.

प्रमाणवेळ हा माणसांनी केलेला ठराव असतो, आणि ठराव बदलतात. महाराष्ट्राला हे परक्याकडून शिकण्याची गरज नाही. १८८१ मध्ये मुंबईच्या सरकारी कचेऱ्यांत रेल्वेची मद्रास वेळ लागू करण्याचा प्रयत्न झाला. शहराने इतका विरोध केला की ती मागे घ्यावी लागली. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, तेव्हा मुंबईने पुन्हा आपले वेगळे घड्याळ धरून ठेवले आणि स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे, पन्नाशीच्या दशकापर्यंत, सोडले नाही. मुंबई टाइम हा स्टँडर्ड टाइमच्या ३९ मिनिटे मागे असे. रेल्वे एका वेळेने सुटे आणि शहर दुसऱ्या वेळेने चाले. त्या काळात ‘दहा वाजता’ एवढेच म्हणून भागत नसे. कोणते दहा, हे विचारावे लागे. आज न्यू जर्सीहून ‘सकाळी नऊला बोलू’ असा निरोप येतो, तेव्हा विचारायचा प्रश्न हाच आहे. तो विचारण्याची सवय तेवढी मोडली.

मुखेडला याहून जवळचा दाखला आहे. हा सगळा भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि इथल्या महसुली दप्तरात फसली सन चाले. जमिनीचा जुना कागद वाचणाऱ्या माणसाला फसली सनात किती मिळवले की इसवी सन येते, हे ठाऊक असते, आणि तो आकडा एक नाही हेही ठाऊक असते. निजामी फसली वर्ष आझूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होई. म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबरच्या नोंदीला ५९० मिळवायचे आणि जानेवारी ते सप्टेंबरच्या नोंदीला ५९१. पोलीस कारवाई संपली ते फसली १३५७. त्यात ५९० मिळवले तर १९४७ येईल आणि सगळा इतिहास वर्षभर मागे सरकेल. तालुक्याच्या कचेरीबाहेर बसून अर्ज लिहिणारा माणूसही ही चूक करत नाही. महिना पाहिल्याशिवाय फसली सन उलगडत नाही, तसाच महिना पाहिल्याशिवाय न्यूयॉर्कचा तास उलगडत नाही. दोन्ही हिशेबांत अवघड असे काही नाही. एकात महिना विचारण्याची शिस्त टिकली, दुसऱ्यात ती लागलीच नाही.

पाढ्याच्या बाजूने एक युक्तिवाद जरा जास्त वजनाचा आहे. परदेशातले घड्याळ बदलले तर तो एका तासाचा हिशेब आहे. उन्हाळा असेल तर एक वजा करा, झाले. हा सुधारलेला पाढा मूळ पाढ्यापेक्षा बरा आहे, यात शंका नाही. तरीही तो पुरत नाही, कारण सगळ्या देशांचा ‘उन्हाळा’ एका दिवशी सुरू होत नाही. २०२५ मध्ये अमेरिकेचा उन्हाळा ९ मार्चला लागला, युरोपचा ३० मार्चला. मधल्या तीन आठवड्यांत न्यूयॉर्क बदललेले होते आणि लंडन बदललेले नव्हते. त्या दोघांतला नेहमीचा पाच तासांचा फरक चारवर आला होता. ऑक्टोबरअखेर तसाच एक आठवडा पुन्हा आला. ऑस्ट्रेलिया दक्षिण गोलार्धात असल्याने सिडनीचे घड्याळ ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पुढे जाते आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे येते. सिडनी भारताच्या साडेपाच तास पुढे असते ते आपल्या दिवाळीत आणि संक्रांतीत. आषाढी एकादशीला ते साडेचार तास पुढे असते. ‘उन्हाळा’ म्हणजे कोणाचा उन्हाळा, हे न सांगता केलेली वजाबाकी इथे उलट दिशेला जाते.

समजा मुखेडच्या एका शिक्षिकेने न्यू जर्सी आणि लंडन इथल्या मुलांसाठी मराठीचा वर्ग घेतला, दर आठवड्याला आपल्या संध्याकाळी साडेसात वाजता. मार्चच्या पहिल्या आठवड्यात न्यू जर्सीत तेव्हा सकाळचे नऊ आणि लंडनला दुपारचे दोन वाजलेले असतात. दुसऱ्या रविवारनंतर न्यू जर्सीत दहा, लंडनला दोनच. महिनाअखेरीनंतर न्यू जर्सीत दहा, लंडनला तीन. वर्ग हलला नाही, शिक्षिकेचे घड्याळ हलले नाही, तरी दोन ठिकाणची मुले दोन वेगळ्या दिवशी एकेक तास चुकली. हाच वर्ग न्यू जर्सीच्या नऊला बांधला असता तर मुखेडला तो साडेसातवरून साडेसहावर आला असता, आणि लंडनच्या मुलांना तीन आठवडे दोनऐवजी एक वाजता बसावे लागले असते. अशा वर्गाला मालक-घड्याळ लागते. वेळ कोणत्या गावाची धरली आहे, ते गाव एकदा सांगितले की बाकीच्यांना आपापला हिशेब करता येतो. ‘भारत आणि अमेरिका यांच्यातला फरक’ सांगून तो करता येत नाही.

शेजारी देशांमध्ये ही गुंतागुंत आणखी ठळक दिसते, कारण तिथे फरक पायी चालत ओलांडता येतो. युरोपने यावर एक चांगला तोडगा काढला आहे: युरोपीय संघातली सगळी घड्याळे जागतिक वेळेच्या एका क्षणी, रविवारी पहाटे एक वाजता, बदलतात. लिस्बनमध्ये एकाचे दोन होतात त्याच क्षणी माद्रिदमध्ये दोनाचे तीन. पोर्तुगाल आणि स्पेन यांतला एका तासाचा फरक त्यामुळे वर्षभर अबाधित राहतो. उत्तर अमेरिकेने उलट पद्धत स्वीकारली; प्रत्येक विभाग आपापल्या स्थानिक रात्री दोन वाजता बदलतो. परिणामी मार्चमधल्या त्या रात्री एक तासभर न्यूयॉर्क आणि शिकागो यांच्यातला फरक दोन तासांचा होतो, आणि नोव्हेंबरमधल्या रात्री तासभर दोन्ही शहरांची घड्याळे एकच वेळ दाखवतात. रेल्वे, विमाने आणि रुग्णालये यांच्या नोंदी ठेवणाऱ्यांना हा तास दुर्लक्षून चालत नाही.

मेक्सिकोने ऑक्टोबर २०२२ मध्ये कायदा करून बहुतेक देशापुरती उन्हाळी वेळ बंद केली, पण अमेरिकेच्या सीमेला लागून असलेल्या कित्येक नगरपालिकांना ती चालू ठेवावी लागली. तिहुआना आजही सॅन दिएगोबरोबर बदलते. ऑस्ट्रेलियात तर देशांतर्गत सीमेवरच हे घडते. न्यू साउथ वेल्समधले ट्वीड हेड्स आणि क्वीन्सलँडमधले कूलंगट्टा ही गावे एकमेकांना चिकटलेली आहेत. पहिले घड्याळ बदलते, दुसरे बदलत नाही, आणि अर्धे वर्ष रस्ता ओलांडला की तास बदलतो.

भारताचे घड्याळ बदलत नाही, म्हणून हा आपला प्रश्न नाही, असे म्हणणाऱ्यांनी शेजाराकडे पाहावे. पाकिस्तान एरवी भारताच्या अर्धा तास मागे असतो. २००२, २००८ आणि २००९ या वर्षांत तिथे उन्हाळी वेळ लागू केली गेली. त्या महिन्यांत लाहोर अमृतसरच्या अर्धा तास पुढे होते, पश्चिमेला असूनही. फरकाचा आकडा तोच राहिला, त्याचे चिन्ह उलटले. ‘पाकिस्तान अर्धा तास मागे’ हा नियम धरून बसलेला माणूस त्या काळात पूर्ण एक तास चुकत होता. बांगलादेशाने २००९ मध्ये १९ जूनच्या रात्री घड्याळ पुढे केले आणि ३१ डिसेंबरला परत घेतले. तेवढ्या काळात पेट्रापोल-बेनापोलच्या सीमेवर अर्ध्या तासाऐवजी दीड तासाचा फरक होता. श्रीलंकेने मे १९९६ मध्ये घड्याळ तासभर पुढे नेले, त्याच वर्षी ऑक्टोबरात अर्धा तास मागे आणले आणि एप्रिल २००६ मध्ये पुन्हा भारताच्या वेळेवर आणून ठेवले. नेपाळ १९८६ पासून भारताच्या पंधरा मिनिटे पुढे आहे. त्याआधी त्याची वेळ भारताचीच होती. भारताचे घड्याळ स्थिर आहे हे खरे. पण दोघांतला फरक हलायला दोघांपैकी एकाने हलणे पुरते.

आणि भारताचे घड्याळ कधीच हलले नाही, हेही खरे नाही. दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत भारतीय प्रमाणवेळ एक तास पुढे ठेवली होती. त्या तीन वर्षांत जन्मलेल्यांच्या टिपणात घड्याळाची वेळ जशीच्या तशी धरून मांडलेली पत्रिका तासभर चुकते. लग्न साधारण दोन तासांनी रास बदलते. एक तास म्हणजे जवळजवळ अर्धी रास. जाणते ज्योतिषी हा तास वजा करतात. मात्र तो डोळे मिटून वजा करणे ही दुसऱ्या टोकाची तीच चूक आहे. मुखेड तेव्हा ब्रिटिश मुलखात नव्हते, निजामाच्या राज्यात होते. टिपणातली वेळ रेल्वेच्या घड्याळाची, कचेरीच्या घड्याळाची की सूर्याकडे पाहून अदमासाने लिहिलेली, हे आधी ठरवायला हवे. ते ठरवायला कधी कधी टिपणच मदत करते. मुखेडला जानेवारीच्या मध्यावर सूर्य प्रमाणवेळेने सातच्या सुमारास उगवतो. १९४४ च्या जानेवारीतल्या टिपणात ‘सकाळी साडेसात, सूर्योदयापूर्वी’ असे लिहिले असेल, तर ते घड्याळ तासभर पुढे होते हे उघड आहे. त्या घड्याळात सूर्योदय आठला होता. ‘साडेसात, दिवस वर आल्यावर’ असे असेल तर ते घड्याळ पुढे केलेले नव्हते असे धरण्याला बळ येते. जुन्या माणसांनी सूर्याचा उल्लेख करून ठेवला, त्याचा असा उपयोग होतो.

एका तासाने काय बिघडते, हा प्रश्न बेफिकिरीने विचारला जातो. त्याचे उत्तर पंचांगात आहे, आणि २०२५ च्या गुढीपाडव्याइतके स्पष्ट उत्तर क्वचित मिळते. त्या वर्षी फाल्गुन अमावास्या २९ मार्चला भारतीय वेळेनुसार दुपारी ४ वाजून २८ मिनिटांनी संपली आणि चैत्र शुद्ध प्रतिपदा लागली. हा क्षण सगळ्या जगासाठी एकच. न्यूयॉर्कच्या घड्याळात तो किती वाजता आला? साडेदहा तास वजा केले तर पहाटे ५:५८. साडेनऊ वजा केले तर ६:५८. त्या दिवशी न्यूयॉर्कचा सूर्योदय पावणेसातच्या सुमारास होता, आणि तिथल्या वर्तमानपत्रात तो अर्थातच पुढे केलेल्या घड्याळाने दिला होता. पाढ्याने हिशेब करणाऱ्याला सूर्योदयाला प्रतिपदा मिळाली. खरे पाहता सूर्योदयाला अजून अमावास्याच होती. त्या सकाळी न्यूयॉर्कमध्ये सूर्य उगवला तोच खंडग्रास ग्रहण घेऊन, आणि सूर्यग्रहण अमावास्येलाच होते याहून मोठा पुरावा हवा कशाला. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा तिथे पहाटे सव्वातीनच्या सुमारास संपली. म्हणजे २९ च्या सूर्योदयाला अमावास्या, ३० च्या सूर्योदयाला द्वितीया, आणि प्रतिपदेच्या वाट्याला सूर्योदयच नाही: न्यूयॉर्कपुरती ती क्षयतिथी ठरली. क्षय प्रतिपदेला गुढी कधी उभारायची याचे शास्त्र पंचांगकर्ते सांगतील, पण तिथीचा क्षय झाला आहे हेच ज्याला दिसले नाही, तो त्यांना विचारणार तरी काय? इथे तासाने मुहूर्त थोडा पुढे-मागे केला एवढेच झाले नाही. त्याने तिथीचे स्वरूप बदलले.

लंडनला त्याच सणाला वेगळी अडचण होती. ३० मार्च २०२५, म्हणजे भारतात पाडव्याचा दिवस, हाच युरोपात घड्याळ बदलण्याचा रविवार होता. भारतात प्रतिपदा दुपारी पाऊण वाजण्याच्या सुमारास संपली. आदल्या दिवसापर्यंत लंडनसाठी साडेपाच तास वजा करणे बरोबर होते. त्या सकाळी साडेचार वजा करायला हवे होते. सव्वासातला प्रतिपदा संपली असे समजणाऱ्याला प्रत्यक्षात सव्वाआठपर्यंत वेळ होता.

दिवाळी तर अमेरिकेच्या नोव्हेंबरमधल्या बदलाच्या अगदी अंगावरच येते. २०१८ मध्ये लक्ष्मीपूजन ७ नोव्हेंबरला होते, घड्याळ ४ तारखेला मागे आले होते, फरक साडेदहा. २०२१ मध्ये लक्ष्मीपूजन ४ नोव्हेंबरला होते, घड्याळ ७ तारखेला बदलायचे होते, फरक साडेनऊ. एकाच सणाला, एकाच महिन्यात, एकाच शहरासाठी दोन वेगळे आकडे. फार काय, तारीखही तीच धरली तरी वर्ष विचारावे लागते. २००७ पूर्वी अमेरिकेचे उन्हाळी घड्याळ एप्रिलच्या पहिल्या रविवारी सुरू होई. त्यामुळे १५ मार्च २००५ ला न्यूयॉर्क साडेदहा तास मागे होते आणि १५ मार्च २०१५ ला साडेनऊ.

मोबाइल सगळे आपोआप सांगतो, म्हणून हे समजून घेण्याची गरज नाही, असा शेवटचा बचाव असतो. मोबाइल बहुतेक वेळा बरोबर सांगतो, हे मान्य करायलाच हवे. तो का बरोबर सांगतो? कारण त्याच्या पोटात ठराविक आकडे नसून शहरांच्या नावांनी लावलेली, तारीखवार नोंदींची एक वही असते. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी ती १९८० च्या दशकात सुरू केली, पुढे पॉल एगर्ट यांनी सांभाळली. भारताची नोंद तिच्यात कोलकात्याच्या नावाने आहे, आणि युद्धकाळातला तो जादा तासही तिच्यात टिपलेला आहे. या वहीतल्या जुन्या नोंदींवरून २०११ मध्ये ओल्सन आणि एगर्ट यांच्यावर अमेरिकेत दावा झाला, आणि दावा करणारी कंपनी ज्योतिषाची सॉफ्टवेअर विकणारी होती. जुन्या जन्मवेळांसाठी तिलाही हीच माहिती लागत होती. पुढच्या वर्षी दावा मागे घेतला गेला. जुन्या तासांचा हिशेब किती मोलाचा आहे, हे पत्रिकेच्या धंद्यातल्यांना केव्हाच कळले होते.

पण वही लिहिणाऱ्यांना सरकारने वेळेत कळवले तरच ती बरोबर राहते. तुर्कस्तानने २०१५ मध्ये निवडणुकीसाठी घड्याळ मागे घेण्याची तारीख २५ ऑक्टोबरवरून ८ नोव्हेंबरवर नेली. कित्येकांचे फोन जुन्या तारखेलाच मागे आले. लेबनॉनमध्ये मार्च २०२३ मध्ये घड्याळ पुढे करण्याच्या तोंडावर सरकारने रमजान संपेपर्यंत बदल पुढे ढकलला. चर्च, अनेक शाळा आणि दूरचित्रवाहिन्या यांनी तो मानला नाही, आणि सरकार माघार घेईपर्यंत एका छोट्या देशात काही दिवस दोन वेळा चालू होत्या. त्या दिवसांत फोन काय दाखवतो याला अर्थ नव्हता. समोरच्या माणसाला ‘तुझ्या घड्याळात आता किती वाजले’ एवढे विचारणे हाच खरा मार्ग होता.

फोनला चुकीचा प्रश्न विचारला तर तो उत्तरही चुकीचेच देणार. जुलैतल्या निमंत्रणात ‘सकाळी दहा, ईएसटी’ असे लिहिलेले सर्रास दिसते. ईएसटी ही पूर्व किनाऱ्याची हिवाळी वेळ आहे. जुलैत तिथे कोणाचेही घड्याळ ती दाखवत नाही. अक्षरांना प्रामाणिक राहणारा माणूस तासभर उशिरा पोचेल. ‘आयएसटी’ ही अक्षरे भारताची आहेत तशी आयर्लंडच्या उन्हाळी वेळेची आणि इस्राएलच्या वेळेचीही आहेत. अक्षरांपेक्षा गावाचे नाव बरे.

घड्याळे बदलण्याची पद्धतच बंद झाली तर हा वाद उरणार नाही, असेही म्हटले जाते. युरोपीय संसदेने मार्च २०१९ मध्ये तसा ठराव केला आहे, तो अजून अमलात आलेला नाही. उद्या तो अमलात आला तरी २०२५ मध्ये जन्मलेल्या मुलाची वेळ २०२५ च्याच नियमाने काढावी लागेल. मेक्सिकोने २०२२ मध्ये सोडलेला तास २०२१ च्या नोंदीत कायमचा बसलेला आहे, जसा १९४३ चा तास आपल्याकडच्या टिपणांत बसला आहे.

बरोबर रीत पाढ्याहून फारशी लांब नाही. गाव आणि तारीख घ्यायची. त्या गावाचे घड्याळ त्या तारखेला जागतिक वेळेच्या किती पुढे किंवा मागे होते ते पाहायचे. आधी जागतिक वेळ काढायची आणि मग तीत साडेपाच तास मिळवायचे. टोरंटोत १५ जुलै २०२५ ला रात्रीचे आठ वाजले. त्या दिवशी टोरंटो जागतिक वेळेच्या चार तास मागे, म्हणून जागतिक वेळ रात्रीचे बारा, तारीख १६. मुखेडला १६ जुलैची पहाट, साडेपाच. हेच १५ जानेवारीला केले तर टोरंटो पाच तास मागे, आणि मुखेडला १६ तारखेचे सकाळचे साडेसहा. तारीख पालटली आहे हेही या रीतीत सुटत नाही. पाढ्यात ते नेहमी सुटते.

एक प्रसंग असा आहे की तिथे गाव आणि तारीखही पुरत नाहीत. घड्याळ पुढे जाते त्या रात्री एक तास अस्तित्वातच नसतो: ९ मार्च २०२५ ला न्यू जर्सीत रात्रीचे अडीच कधी वाजलेच नाहीत. घड्याळ मागे येते त्या रात्री एक तास दोनदा येतो. २ नोव्हेंबर २०२५ ला तिथे रात्रीचा दीड दोनदा वाजला. पहिल्यांदा मुखेडला सकाळचे अकरा वाजले होते, दुसऱ्यांदा दुपारचे बारा. त्या रात्री जन्मलेल्या मुलाच्या दाखल्यावर नुसते ‘१:३०’ असेल, तर तो जन्म घड्याळ मागे घेण्यापूर्वीचा की नंतरचा, हे रुग्णालयातल्या नोंदीवरून विचारून घ्यावे लागते. ते मिळाले नाही तर जन्मानंतर लगेच मुखेडला आलेल्या फोनची वेळ पाहावी: तो अकरानंतर पण बाराच्या आत आला असेल तर पहिला दीड. बारानंतर आला असेल तर तेवढ्यावरून काही ठरत नाही, आणि टिपणात दोन्ही वेळा लिहून ठेवाव्या लागतात.